विद्युत्-गिटारचा भारदस्त नाद : पिकअप आणि स्पीकरपेटी यांची निवड

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे तमिळ मार्गळी महिन्यात, चेन्नईच्या मैलापूर भागात संगीताची मोठी पर्वणी असते. कपालीश्वराच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांपासून जवळच रसिक रंजनी सभा, मैलापूर फाइन आर्ट्स क्लब, भारतीय विद्या भवन अशा संस्थांची सभागृहे आहेत. तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत कर्नाटक संगीताच्या मैफली चालतात. अशा मैफलीत वीणावादक वाद्य जुळवीत असताना वाद्याकडे बारकाईने पाहिले, तर पुष्कळदा घोडीजवळून एक बारीक वायर निघून व्यासपीठामागे गेलेली दिसते. तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारे एक लहानसे साधन तेथे बसविलेले असते. त्यालाच पिकअप म्हणतात.

या साधनाने दक्षिणेकडील संगीतात एक नवे वाद्य रुजविले आहे. १९८१ साली मद्रासच्या इंडियन फाइन आर्ट्स सोसायटीच्या महोत्सवात यू. श्रीनिवास हा बारा वर्षांचा मुलगा विद्युत्-मँडोलिन घेऊन बसला. साध्या मँडोलिनच्या तारेचा नाद छेडल्याबरोबर विरतो; त्यामुळे गमक पुरे होण्याआधीच स्वर संपतो. श्रीनिवास यांनी जोडतारांच्या जागी पाच एकेरी तारा लावल्या आणि पिकअप व विवर्धक यांच्या साहाय्याने विरत जाणारा नाद ऐकू येईल एवढा वाढविला. २०१४ साली त्यांचे निधन झाले, तोवर ते वाद्य कर्नाटक संगीतात मान्यता पावले होते. सुकुमार प्रसाद व प्रसन्ना यांनी विद्युत्-गिटारवर हेच संगीत वाजविले. प्रसन्ना यांनी तर २००६ साली ‘इलेक्ट्रिक गणेशलँड’ या ध्वनिमुद्रिकेत अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांना अभिवादन करून कर्नाटक पद्धती व पाश्चात्त्य रॉक संगीतातील करकरीत, भारदस्त नाद एकत्र आणले.

हा भारदस्त नाद कशातून निर्माण होतो व तो हवा असल्यास कोणती साधने निवडावीत, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे. तरुण वादक बहुधा पहिला खर्च महागड्या पिकअपवर करतो आणि नाद पूर्वीसारखाच राहिल्याचे पाहून निराश होतो. खर्चाचा क्रम उलटा लागल्यामुळे असे घडते. तो उलटा का, हे कळण्यासाठी प्रथम विकृती म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे.

जवारी आणि विकृती

कोणतीही तार एकाच कंप्रतेने कंप पावत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे स्वरही तीत असतात. त्यांना प्रसंवादी म्हणतात. तंबोऱ्याच्या षड्जातून गांधार आपोआप ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू स्वर म्हणतात. तो पाचवा प्रसंवादी होय.

तंबोऱ्याला ही समृद्धी त्याच्या घोडीमुळे लाभते. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानसीने घासून किंचित बहिर्गोल करतात व तारेखाली दोरा सरकवितात. कंप पावताना तार त्या माथ्याला घासत राहते आणि नादाला जवारी येते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तारेच्या ज्या बिंदूवर एखाद्या प्रसंवादीचा निस्पंद असतो, तेथे तार छेडली तर तो प्रसंवादी ऐकू येता कामा नये, असा जुना नियम आहे. या दोन वाद्यांत तो प्रसंवादीही स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांना आढळले. तार व वक्र घोडी यांच्या स्पर्शामुळे तारेच्या मूळ गतीत नसलेले स्वर नव्याने उत्पन्न होतात.

विद्युत्-गिटारची घोडी टोकदार असते. तीत जवारी नाही. तिचे काम तेथे विवर्धक करतो. विवर्धकाला त्याच्या आवाक्यापेक्षा मोठा संकेत दिला, म्हणजे लहरीचे माथे कापले जातात आणि गोलसर लहर चौकोनी होऊ लागते. लहरीच्या आकारातील या बदलाला विकृती म्हणतात. संगीतशास्त्रातील कोमल-तीव्र अशा विकृत स्वरांशी तिचा संबंध नाही. वरची व खालची बाजू सारखीच कापली गेली, तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम प्रसंवादी वाढतात. असमान कापली गेली, तर समही येतात. शिवाय मोठी लहर कापली जाते आणि लहान लहर पूर्ण वाढते, म्हणून विरत जाणारा नाद बराच वेळ एकाच पातळीवर टिकतो. दीर्घ टिकणारा व प्रसंवादींनी गच्च भरलेला हा नाद म्हणजेच भारदस्त नाद. त्याला विजेची जवारी म्हणावयास हरकत नाही.

दोन स्वर एकत्र आले म्हणजे

एकच तार वाजत असेल, तर विकृतीतून निघणारे सर्व स्वर त्या तारेचेच प्रसंवादी असतात. दोन तारा एकाच वेळी वाजल्या, म्हणजे त्यांच्या कंप्रतांची बेरीज व वजाबाकी होऊन नवे स्वर निर्माण होतात. षड्ज २२० व पंचम ३३० कंपनांचा घेतला, तर वजाबाकी ११० येते. तो बरोबर खालच्या सप्तकातील षड्ज आहे. गिटारच्या समविभाजित पडद्यांवर पंचम ३२९.६ इतका, म्हणजे किंचित उतरलेला असतो. तरी फरक इतका थोडा आहे की कानाला खटकत नाही. रॉक संगीतात षड्ज-पंचमाची जोडी वारंवार का येते, याचे हे एक कारण आहे. दोन तारांखाली तिसरे मोठे वाद्य वाजत असल्याचा भास त्यातून होतो.

गांधाराची गोष्ट निराळी. स्वयंभू गांधार २७५ कंपनांचा असतो. त्याच्या व षड्जाच्या मिश्रणातून निघणारे सर्व स्वर ५५ च्या पटीत येतात. गिटारच्या पडद्यावरील गांधार २७७.२ चा आहे. षड्जाशी त्याची वजाबाकी ५७.२ येते, षड्जाच्या दुपटीतून तो वजा केल्यास १६२.८ उरतात. १६२.८ ही संख्या ५७.२ च्या पटीत बसत नाही. असे अनेक बेमेळ स्वर एकमेकांत घुसतात आणि नाद खरखरीत होतो.

कर्नाटक पद्धतीने वाजविणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. २२० चा षड्ज सुटा वाजत असताना दुसऱ्या तारेवर मध्यमावरून, म्हणजे २९३.३ वरून, पंचमावर मींड घेतली, तर ऐकणाऱ्याला एका पूर्ण स्वराची चढण अपेक्षित असते. पण वजाबाकीचा स्वर त्याच वेळी ७३.३ वरून ११० वर जातो; म्हणजे तो तब्बल पाच स्वरांची उडी घेतो. मग गमकाची रेषा कानाला सापडत नाही. म्हणून विकृतीसह वाजविताना इतर तारा हाताने दाबून ठेवाव्यात व तंबोऱ्याचा नाद गिटारच्या विवर्धकातून कधीही जाऊ देऊ नये. त्याचा मार्ग स्वतंत्र असावा.

पिकअप काय ऐकतो

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात. वरील पोलादी तार हलली, म्हणजे क्षेत्र बदलते व तारेच्या गतीचे विजेतील चित्र तयार होते. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांना अशा गिटारचे पेटंट १९३७ साली मिळाले.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, चुंबकीय पिकअपला पितळी तार जवळजवळ ऐकू येत नाही. जुन्या पद्धतीच्या वीणेवर मंद्र तारा पितळी असतात. तेथे हा पिकअप लावला, तर वरच्या पोलादी तारा मोठ्याने व खालच्या दबून वाजतात. अशा वाद्याला लाकडाच्या कंपनावर चालणारा संपर्क-पिकअप बरा. पीएर व झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली काही स्फटिक दाबले असता वीज उत्पन्न होते असे दाखविले. संपर्क-पिकअप त्या तत्त्वावर चालतो. दुसरी गोष्ट अशी, की चुंबकीय पिकअप तारेचा एक लहानसा भागच पाहतो. तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर असेल व पिकअप घोडीपासून १६२ मिलिमीटरांवर, म्हणजे बरोबर चतुर्थांशावर असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा प्रसंवादी त्याला ऐकू येणार नाही, कारण तेथे त्याचा निस्पंद आहे. घोडीजवळ मूळ स्वराचे आंदोलन लहान असते आणि वरचे प्रसंवादी तुलनेने ठळक असतात. विकृतीत खालचे स्वर लवकर चिखल करतात, म्हणून भारदस्त नादासाठी घोडीजवळचा पिकअप वापरतात.

फेरे, धारकता आणि गुणगुण

पिकअपचे फेरे वाढविले, तर संकेत मोठा येतो. पण वेटोळ्याची प्रवर्तकताही वाढते. गिटारपासून विवर्धकापर्यंतच्या केबलला दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारकता असते. प्रवर्तकता व धारकता यांच्या जोडीचे एक अनुस्पंदन होते. त्या कंप्रतेजवळ नाद उठतो व तिच्यावर झपाट्याने गळतो. एकूण धारकता ६०० पिकोफॅरड धरली, तर २.४ हेन्रीच्या एकवेटोळी पिकअपचे अनुस्पंदन सुमारे ४२००, ४.५ हेन्रीच्या दुवेटोळी पिकअपचे सुमारे ३१०० आणि ८ हेन्रीच्या फार भरलेल्या पिकअपचे सुमारे २३०० कंपनांवर येते. पिकअपचा ‘स्वभाव’ म्हणून जे वर्णिले जाते, त्यातील बराचसा भाग या एका आकड्यात सामावलेला आहे. केबल दुप्पट लांब केली, तरीही हा आकडा खाली सरकतो.

फार भरलेल्या पिकअपची प्रथा जुन्या गरजेतून आली. १९७२ साली लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा पिकअप निघाला, तेव्हाच्या विवर्धकांना विकृतीपर्यंत नेण्यासाठी मोठा संकेत द्यावा लागे. आजच्या विवर्धकात वाढ हवी तेवढी मिळते. म्हणून पिकअपकडून आज मोठ्या संकेतापेक्षा स्वच्छ संकेताची अपेक्षा धरावी.

स्वच्छतेचा मुख्य शत्रू म्हणजे विजेची गुणगुण. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. सभागृहातील दिवे, पंखे व रोहित्रे यांचे क्षेत्र एकवेटोळी पिकअपमध्ये शिरते आणि विकृतीबरोबर ते अनेक पटींनी वाढते. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली. दोहोंचे चुंबक उलट व फेऱ्यांची दिशाही उलट. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत विरुद्ध दिशेने येऊन नष्ट होते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटून सुलट होतो व बेरजेत मिळतो. भारदस्त नादासाठी दुवेटोळी पिकअप निवडण्याचे पहिले कारण हेच आहे.

नवा पिकअप घेण्याआधी जुन्याची उंची बदलून पाहावी. त्याला एक पेचकस पुरतो. पिकअप तारेच्या फार जवळ असला, तर चुंबक तार ओढतो, नाद डळमळतो व लवकर विरतो. दोन-तीन मिलिमीटरांच्या अंतरापासून आरंभ करून कानाने ठरवावे.

पेटी म्हणजे गाळणी

आता साखळीच्या शेवटच्या दुव्याकडे येऊ. विकृत लहरीत मूळ स्वराच्या वीसपट, तीसपट कंप्रतेपर्यंत प्रसंवादी असतात. ते सर्व जसेच्या तसे ऐकविले, तर नाद डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखा होतो. सभागृहातील सर्वसाधारण ध्वनिव्यवस्था गायकाचा आवाज निर्मळ ऐकविण्यासाठी असते; ती वरच्या मर्यादेपर्यंत सारे काही देते. म्हणून विकृत गिटार तिला सरळ जोडली, की पहिल्या रांगेतील श्रोते कान झाकतात.

गिटारचा स्पीकर मुद्दाम अपुरा असतो. बारा इंची, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा त्याचा कागदी शंकू साधारण ७० ते ५००० हर्ट्झ एवढाच पट्टा देतो आणि २००० ते ४००० च्या दरम्यान थोडा उठाव दाखवितो. ५००० च्या वर तो झपाट्याने गळतो. गायनासाठी हा दोष ठरेल; येथे तोच गुण आहे. विकृतीने जे वाढविले, त्यातले असह्य ते पेटी काढून टाकते. पिकअप बदलल्याने अनुस्पंदन हजार-दोन हजार हर्ट्झ सरकते, तेही विकृतीच्या आधी. मग विकृती ते वरचे स्वर पुन्हा उत्पन्न करते. पेटी विकृतीच्या नंतर येते. तिने जे गाळले, ते परत येत नाही. म्हणून एकूण नादावर पेटीचा अधिकार पिकअपपेक्षा पुष्कळ मोठा असतो.

पेट्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पाठ बंद असलेल्या पेटीत कोंडलेली हवा शंकूमागे स्प्रिंगसारखी काम करते. खालचे स्वर घट्ट व ठोस येतात. पाठ उघडी असलेल्या पेटीत शंकूच्या मागची लहर पुढच्या लहरीच्या विरुद्ध असते. खालच्या कंप्रतांत दोन्ही एकमेकींना खोडतात. अशा पेटीचा नाद हलका, पण सगळीकडे पसरलेला असतो. भारदस्त नादासाठी बंद पाठ घ्यावी. १९६० नंतरच्या दशकात लंडनच्या जिम मार्शल यांनी चार बारा-इंची स्पीकरांची बंद पेटी प्रचारात आणली व तीच या संगीताची खूण ठरली. तथापि लहान खोलीत एका स्पीकरची बंद पेटीही तोच स्वभाव दाखविते. सर्वांत खालच्या स्वरांचा धक्का तेवढा कमी असतो.

स्पीकरचे आकडे वाचताना वॅटपेक्षा संवेदनक्षमता आधी पाहावी. एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबेल देणारा स्पीकर काढून १०० डेसिबेलचा लावला, तर विवर्धकाची शक्ती दुप्पट केल्याइतका फरक पडतो. स्पीकरांची एकूण वॅटमर्यादा विवर्धकापेक्षा जास्त असावी. संरोधही जुळला पाहिजे. सोळा ओहमचे चार स्पीकर दोन-दोन एकसरीत जोडून त्या जोड्या समांतर जोडल्या, तर एकूण सोळा ओहमच होतात. चारही समांतर जोडल्यास चार ओहम होतात. निर्वात नळ्यांच्या विवर्धकाला सांगितलेलाच संरोध द्यावा व स्पीकर न जोडता तो कधीही चालवू नये.

बसण्याच्या जागेचाही विचार करावा. ३००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे शंकूच्या व्यासापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे वरचे स्वर झोतासारखे सरळ पुढे जातात. पेटीवजळ उभ्या असलेल्या वादकाच्या गुडघ्यावरून झोत निघून जातो. त्याला नाद बोथट वाटतो, तो वरचे स्वर वाढवितो आणि समोरच्या रांगेला ते टोचतात. पेटी उंचावर किंवा तिरपी ठेवून वादकाने प्रथम श्रोत्याचे ऐकणे ऐकावे. पेटीसमोर मायक्रोफोन ठेवावयाचा असेल, तर शंकूच्या मध्यावर नाद तीक्ष्ण व कडेकडे मऊ येतो. दोन बोटे अंतर सरकविल्याने पडणारा फरक कधी कधी नव्या पिकअपहून मोठा असतो. आज पेटीचे गाळण्याचे कार्य संगणकानेही करता येते. खऱ्या पेटीचा प्रतिसाद मोजून साठवितात व तो संकेतावर चढवितात. ज्याला पेटी वाहून नेणे शक्य नाही, त्याला हा मार्ग उपयुक्त आहे.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून क्रम असा ठरतो.

१. प्रथम ऐकण्याची जागा ठरवावी : घरची खोली, सभागृह की मोकळे मैदान.

२. त्या जागेस योग्य अशी बंद पाठीची पेटी व स्पीकर निवडावा. शक्य असल्यास आपली गिटार व आपला विवर्धक दोन-तीन पेट्यांना जोडून ऐकावा.

३. विवर्धकात विकृती आधी कमी ठेवून हळूहळू वाढवावी. गमक स्पष्ट राहील तेथेच थांबावे.

४. पिकअपची उंची व केबलची लांबी तपासावी.

५. एवढे करूनही गुणगुण, चिखल किंवा कर्कशपणा उरला, तरच पिकअप बदलावा; आणि तोही मध्यम फेऱ्यांचा, दुवेटोळी घ्यावा.

कानाची मर्यादा

शेवटी एक इशारा देणे आवश्यक आहे. १०० डेसिबेल संवेदनक्षमतेचा स्पीकर पन्नास वॅटला एक मीटरवर ११७ डेसिबेलपर्यंत पोहोचतो. ८५ डेसिबेलचा नाद आठ तास सोसता येतो असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबेलला मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला ती पंधरा मिनिटे उरते. कानातील संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा वाढत नाहीत. आणि श्रुतींमधला सूक्ष्म भेद ओळखणारा कान गेला, तर उत्तम पिकअप व उत्तम पेटी दोन्ही व्यर्थ होत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. मैलापूरच्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. तेथे सराव करणाऱ्याला लहान विवर्धक व एका स्पीकरची पेटी पुष्कळ होते.

भारदस्तपणा मोठ्या आवाजात नाही. तो प्रसंवादींच्या प्रमाणात आहे. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस चालवून थांबतो, पुन्हा तार छेडतो, ऐकतो आणि आणखी थोडे घासतो. विद्युत्-वाद्य जुळविणाऱ्यानेही तोच शिरस्ता पाळावा : शेवटच्या दुव्यापासून आरंभ करावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर ऐकावे.